खोलीत भरगच्च, बाहेर पोकळ

वाचकाचं पत्र

नमस्कार सर. मी अमळनेर तालुक्यातला. शेती सांभाळून घरच्या एका खोलीत अहिराणी गाणी करतो. यंदा आखाजीसाठी (अक्षय तृतीयेसाठी) झोक्याचं गाणं केलं. वहिनी गायल्या, पट्टी काळी चार. ढोलकी गावातल्या वादकानं दोन माइकवर वाजवली, हार्मोनियम माझी, बेस आणि बाकीचं कॉम्प्युटरवर. माझ्या खोलीत गाणं असं वाजतं की भिंती हलतील. मोबाइलवर लावलं की मात्र पातळ. मित्राच्या हळदीला डीजेवर लावलं, तर आधीच्या गाण्यानंतर एकदम हवाच गेली. काका म्हणाले, "गानं चांगलं शे, पन पोकय वाजस." (गाणं चांगलं आहे, पण पोकळ वाजतं.)

मी व्हिडिओ बघून शिकलोय. बेस सोडून प्रत्येक ट्रॅकला २५० हर्ट्झच्या खाली लो-कट लावतो, त्याखालचे सूर कापतो, म्हणजे गढूळपणा जातो. रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर चालू असतो, त्याचा आवाज नंतर नॉइज रिडक्शननं काढतो. आवाज जाड व्हावा म्हणून त्याची कॉपी २० मिलिसेकंद मागे सरकवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकतो. शेवटी लिमिटरनं (शिखरं दाबून एकूण आवाज मोठा करणाऱ्या साधनानं) उणे ७ लफ्सपर्यंत (लफ्स म्हणजे गाणं किती मोठं वाजतं त्याचं माप) नेतो. तरी भरीवपणा येईना म्हणून थर वाढवत गेलो, आता ६० ट्रॅक झालेत. खोली १० बाय १०, स्लॅबही १० फुटांवर. पलंगावर भिंतीला टेकून मिक्स करतो, स्पीकर समोरच्या दोन कोपऱ्यांत. आता सबवूफर घ्यावा असं वाटतंय. घेऊ का? आणि नेमकं चुकतंय कुठे?

– एक वाचक

उत्तर

भाऊ, सबवूफरचं शेवटी बोलू. आधी वहिनींच्या आवाजावरचा तो २५०चा कट काढा, एकदा गाणं ऐका आणि मग पुढचं वाचा.

तुमची पट्टी काळी चार. तिचा मध्य सप्तकातला सा येतो २०८ हर्ट्झवर, शुद्ध रे २३३ वर. मंद्रातला पंचम घेतला असेल तर तो आणखी खाली, १५६ वर. म्हणजे झोक्याचं गाणं ज्या सा-रे भोवती फिरतं, त्या सुरांचा मूळ भागच तुम्ही २५० वर कापून टाकलाय. सूर ओळखू येतो, कारण वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, शिल्लक असतात आणि त्यांवरून कान मूळ स्वर ताडतो. पण आवाजाचं अंग गेलं ते गेलंच. मग त्या अंग गेलेल्या आवाजाला रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावा, चार थर चढवा, काहीही करा; जे फाइलमध्ये नाही ते प्लगइन कुठून आणणार?

हा कट लावायला सांगणारे अगदीच चुकीचं बोलतात असं नाही. इलेक्ट्रिक गिटारचे आठ थर, वर दोन कीबोर्ड, असं रचलेलं गाणं असेल तर २०० ते ४०० हर्ट्झमध्ये खरोखर गर्दी होते आणि कुणाला तरी तिथून उठवावं लागतं. तुमच्या गाण्यात तिथे राहणारे आहेत तरी किती? वहिनी, हार्मोनियम आणि ढोलकीचा धुम, म्हणजे तिची खर्जाची बाजू. तिघांनाही घराबाहेर काढून तुम्ही घर स्वच्छ केलंत. आता खाली ५२ हर्ट्झवर एकटा बेस आहे, वर २५०च्या पुढे बाकी सगळे, आणि मधे काहीच नाही. काकांनी 'पोकय' म्हटलं ते याच जागेला.

लो-कट ठेवायचाच, पण ट्रॅक बघून. वहिनींच्या आवाजाला १०० हर्ट्झच्या आसपास पुरे. त्याखाली त्यांच्या गाण्यातलं काही नसतं, फक्त पंख्याची घरघर आणि माइकच्या स्टँडला लागलेला धक्का. हार्मोनियमला ८०. ढोलकीच्या धुमाच्या बाजूला ५० किंवा तेही नको. सगळे कट आधी बंद करा आणि एकेक चालू करत कटचा आकडा खालून वर सरकवा. आवाज बारीक व्हायला लागला की थोडं मागे या. इतर ट्रॅक वाजत असतानाच हे करा. एकटा आवाज सोलोवर ऐकून लावलेला कट हमखास जास्त लागतो.

घरात अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झची गुणगुण येते आणि तिच्या पटीत १००, १५० वरही. पुष्कळ जण ती लपवायला सरसकट मोठा कट लावतात. तसं काही असेल तर वायरमनला बोलावून अर्थिंग बघून घ्या. तोवर आवाजाच्या ट्रॅकवर त्या दोन-तीन ठिकाणी अगदी अरुंद खाचा मारा, अख्खा मजला पाडू नका.

आता मूळ दुखणं. तुमच्या कानांना हे कळलं का नाही? कारण तुम्ही बसता ती जागा. १० फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. स्टुडिओसाठी याहून वाईट माप शोधून सापडायचं नाही, पण आपल्याकडे नव्या घरांतल्या पुष्कळ खोल्या याच मापाच्या. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये त्याची पहिली घुमारी ५६ हर्ट्झवर येते, पुढची ११२ वर, तिसरी १६९ वर. तिन्ही मापं सारखी असल्यामुळे लांबी, रुंदी, उंची तिघीही एकाच सुराला जोर देतात. (उन्हाळ्यात खोलीतली हवा ४० अंशांवर गेली की आवाजाचा वेग वाढतो आणि ५६चे ५८ होतात. जळगावच्या मे महिन्याचा एवढाच काय तो संगीताला हातभार.)

काळी चारचा खर्जातला सा, म्हणजे तुमचा बेस, ५२ हर्ट्झवर आहे. खोलीच्या घुमारीला जवळजवळ चिकटून. त्यात तुम्ही भिंतीला पाठ टेकून बसता आणि या घुमारीचा दाब भिंतीशीच सर्वांत जास्त असतो. स्पीकर कोपऱ्यांत, म्हणजे खालच्या सुरांना आणखी उचल. भिंती हलताहेत असं वाटतं ते खोटं नाही, पण त्या तुमच्या गाण्यानं नाही, खोलीच्या मापानं हलतात. बेस उदंड आहे असं वाटून तुम्ही तो कमी ठेवलात, बाकीच्यांचं खालचं अंग छाटलंत, आणि खोलीबाहेर पडल्यावर खोलीनं घातलेली भर खोलीतच राहिली.

पटत नसेल तर करून बघा. सॉफ्टवेअरमधल्या टोन जनरेटरवर ५६ हर्ट्झचा सलग सूर लावा, आवाज हळू ठेवा. पलंगावर भिंतीला टेकून ऐका. मग उठून हळूहळू खोलीच्या मध्यावर या. मधे कुठेतरी तो सूर जवळजवळ नाहीसा होईल, आणि समोरच्या भिंतीकडे गेलात की पुन्हा भरून येईल. स्पीकरच्या बटणाला हातही न लावता. ज्या जागेवर एक सूर दुप्पट आणि दुसऱ्या जागेवर गायब, त्या खोलीत बेसचा निकाल कानानं लावायचा तरी कसा?

तर पलंग सोडा. एका भिंतीकडे तोंड करून टेबल लावा. डाव्या-उजव्या भिंती तुमच्यापासून सारख्या अंतरावर हव्यात. कान समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर येतील असं बसा. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसायचं हा स्टुडिओवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. तो काही वेदवाक्य नाही, पण सुरुवात तिथून करावी आणि मग अर्धा फूट पुढे-मागे सरकून बघावं. बरोबर पाच फुटांवर मात्र बसू नका, तिथे तो सूर नाहीसा होतो आणि तुम्ही उलटी चूक कराल, बेस वाढवत बसाल. स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर काढा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, स्पीकरचे ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला.

भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवायचा विचार मनात असेल तर सोडून द्या. पातळ फोमनंही फक्त वरचा चुरचुरीतपणा मरतो आणि खालची घुमारी तशीच राहते, त्यानं खोली आणखी गढूळ वाटते. कापसाच्या मुलखात राहताय तर कापूस वापरा. गादीवाल्याकडून चार इंच जाडीच्या घट्ट भरलेल्या गाद्या शिवून घ्या. दोन तुमच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना, एक पाठीमागे, जमलं तर कोपऱ्यांत उभ्या. भिंतीला चिकटवू नका, मागे चार इंच फट सोडा. फट सोडली की तीच गादी आणखी खालपर्यंत काम करते. दिव्याच्या होल्डरपासून आणि वायरींपासून लांब ठेवा, कापूस आहे. अपेक्षाही माफक ठेवा. ५६ हर्ट्झची लाट सुमारे सहा मीटर लांब असते, चार इंचांची गादी तिचं काही बिघडवू शकत नाही. तिच्यावर उपाय म्हणजे बसायची जागा, आणि बेसचा अंतिम निर्णय हेडफोनवर. गाद्या आवरतात ते मधले सूर आणि टाळी वाजवली की येणारी ती टणटण.

आणखी एक, किती मोठ्यानं ऐकता? हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं होतं की आवाज लहान असला की माणसाला खालचे सूर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते झपाट्यानं भरून येतात. स्पीकर तापेपर्यंत वाजवून मिक्स केलं तर कोणतंही गाणं भरीवच वाटेल. शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल, इतपत ठेवा आणि बटण रोज त्याच खुणेवर असू द्या. त्या आवाजात भरलं तर सगळीकडे भरेल.

आता कूलर. आखाजीचं गाणं आखाजीच्या आधी करायचं म्हणजे ऐन चैत्रात, आणि त्या दिवसांत बंद खोलीत कूलरशिवाय बाईमाणसाला गायला उभं करणं हे पाप आहे, मान्य. पण कूलरचा घरघराट काही एका जागी नसतो, तो खालपासून वरपर्यंत पसरलेला असतो, आणि सर्वांत जास्त तिथे, जिथे आवाजाचं अंग असतं. नॉइज रिडक्शन त्याला ओरबाडून काढतं तेव्हा सोबत शब्दांचे शेवट, श्वास आणि खालचा मऊपणाही घेऊन जातं. आवाज थोडा पाण्यातून आल्यासारखा वाटत असेल, 'झोका'तला 'का' मधेच विझत असेल. ऐका नीट, असेलच.

पहाटे गा. पाच ते साडेसात खोली थंड असते, रस्त्यावर ट्रॅक्टर नसतो, आणि गळाही बरा असतो जर वहिनींनी थोडं आधी उठून गुणगुणून घेतलं असेल. तासभर आधी कूलर चालवून खोली गार करा, रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. एक अंतरा झाला की पुन्हा चालू, चहा, मग दुसरा अंतरा. वहिनींच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टांगा. पाठीमागे, माइकच्या मागे नव्हे. माइक समोरून ऐकतो, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परत आलेला आवाज थेट त्याच्या तोंडात जातो. तो उघडा परतलेला आवाज हीसुद्धा पोकळपणाची एक मोठी खाण आहे.

माइकपासून अंतर किती होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. दीड-दोन फूट असेल तर ते कमी करा. एक वीत ठेवा, मधे पॉप फिल्टर. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकच्या जवळ आलं की खालचे सूर आपोआप वाढतात. रेडिओवरच्या निवेदकाचा आवाज तसा भारदस्त वाटतो त्यात या गुणाचा हात मोठा असतो. फुकट मिळणारा भरीवपणा आहे, आधी तो घ्या. पार जवळ गेलं तर आवाज फुगतो, तेव्हा वीत बरी. लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचू द्या, २४ बिटवर रेकॉर्ड करताना लाल दिव्यापर्यंत नेण्याची काही गरज नसते.

ढोलकीचे दोन माइक. एक शाईकडे, एक धुमाकडे, हे ठीक. पण एकाच थापेचा आवाज दोन्ही माइकांत उलटसुलट पोहोचतो आणि दोन ट्रॅक एकत्र वाजले की एकमेकांना खातात, विशेषतः खाली. धुमाच्या ट्रॅकवर फेज (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटवायचं बटण दाबा. दाबल्यावर जाड वाटली तर तसंच ठेवा, बारीक वाटली तर परत. बस, एवढंच. इक्वलायझरवर घातलेला एक तास कित्येकदा या एका बटणानं वाचतो, आणि का कोण जाणे, शिकवणारे व्हिडिओ ते शेवटी सांगतात.

मग तुमची ती २० मिलिसेकंदांची युक्ती. हेडफोनवर छान वाटते, आवाज दोन्ही कानांत पसरतो. पण लहान ब्लूटूथ स्पीकर एकच असतो, मांडवातली सिस्टिम बऱ्याचदा दोन्ही बाजूंना एकच सिग्नल देते, ट्रॅक्टरवरचा साउंड तर विचारूच नका. डावं-उजवं एकत्र झालं की मूळ आवाज आणि मागची कॉपी भांडतात. २० मिलिसेकंदांच्या फरकानं २५, ७५, १२५, १७५, २२५ असे दर ५० हर्ट्झवर खळगे पडतात, पार वरपर्यंत. तुमच्याच पट्टीत बघा: सा २०८ वर, तो जवळपास तसाच राहतो. पण रे २३३ वर, २२५च्या खळग्याच्या काठावर, तो निम्म्यावर येतो. म्हणजे वहिनींनी सा आणि रे सारख्याच ताकदीनं लावले तरी मांडवात सा ऐकू येणार आणि रे खचणार. डीजेवर हवा गेली त्यात या कॉपीचा वाटा बराच आहे, असं माझं मत.

लोक तुम्हाला सांगतील की बीटल्सनंही असंच केलं होतं. अर्धं खरं. १९६६ साली ॲबी रोड स्टुडिओतले इंजिनिअर केन टाउनसेंड यांनी एकाच गायनाची टेपवरून दुसरी प्रत उठवायची पद्धत काढली, कारण जॉन लेननला तेच गाणं पुन्हा-पुन्हा गायचा कंटाळा होता. पण त्यात दुसऱ्या टेपचा वेग सतत किंचित कमी-जास्त होत असे, म्हणून दोन प्रतींमधलं अंतर हलतं राहायचं आणि खळगे एका जागी बसत नसत. तुमची कॉपी २० वर खिळा ठोकल्यासारखी बसलीय.

आणि तुम्हाला युक्तीची गरजच काय? झोक्याचं गाणं एकट्या बाईचं कधी होतं? आखाजीला माहेरी आलेल्या लेकी एकत्र जमून ते गातात. वहिनींसोबत गल्लीतल्या दोघी-तिघी बोलवा आणि ध्रुवपदाला सगळ्यांना गाऊ द्या. कुणी नसेल तर वहिनींनाच ध्रुवपद आणखी दोनदा, मनापासून, नव्यानं गायला सांगा. प्रत्येक वेळी सूर केसभर इकडे-तिकडे होतो, शब्द क्षणभर पुढे-मागे पडतो, आणि जाडी येते ती त्या केसभर फरकातूनच. आपल्या लग्नांतला बँड इतका भरून का वाजतो? चार क्लॅरिनेट आणि तीन ट्रम्पेट एकच चाल वाजवतात आणि कुणाचंही वाद्य दुसऱ्याशी तंतोतंत जुळलेलं नसतं, म्हणून. मुख्य आवाज मधोमध एकटा ठेवा. नव्यानं गायलेले दोन बाजूंना, बरेच खाली, इतके की काढून टाकल्यावरच त्यांची उणीव भासावी. अंतऱ्यात फक्त वहिनी. एकटा आवाज गेल्यावर जेव्हा सगळ्या जणी ध्रुवपदावर येतात, तेव्हा गाणं मोठं झालेलं प्लगइनशिवाय ऐकू येईल.

साठ ट्रॅकांचं काय करायचं ते तुम्हाला आता सुचलं असेलच. एकेक म्यूट करत चला. ज्याची आठवण येत नाही तो पुसा. वीस-बावीस राहतील. उरलेल्यांना खालपासून वरपर्यंत जागा वाटून द्या. ५२ वर बेस आहे, पण मोबाइलचा स्पीकर साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही, म्हणजे मोबाइलवर तुमचा बेस शून्य. त्यावर हलकं सॅच्युरेशन लावा. त्यातून १०४, १५६, २०८ असे पटीतले सूर तयार होतात, आणि ते ऐकून कान न वाजणारा ५२ सुद्धा मनानं पुरा करतो. किती लावायचं? मोबाइलवर बेसची चाल गुणगुणता येईल इतकं, त्याहून कणभर जास्त नाही. जास्त झालं की डीजेवर घशात खरखर.

१०० ते २५० ची जागा हार्मोनियमला द्या. तुमच्या पेटीला खर्जाच्या रीड असतील तर खर्ज-नर दोन्ही उघडा आणि डाव्या बाजूला एक सा-प धरून ठेवा, लांब, न हलवता. एवढ्या एका धरलेल्या सुरानं जी जागा भरते ती तीन सिंथच्या थरांनी भरत नाही. मग पेटी आणि वहिनी एकमेकींवर यायला लागल्या, साधारण ३००-४०० वर, तर पेटीला तिथे दोन-तीन डेसिबल खाली घ्या. वहिनींना हात लावू नका. ढोलकी गाण्याच्या पट्टीला मिळवून घेतली होती का, हेही विचारा वादकाला. न मिळवलेली ढोलकी कितीही मोठी केली तरी गाण्याला चिकटत नाही.

रिव्हर्बबद्दल थोडक्यात: एकच ठेवा, त्याच्या परतीच्या ट्रॅकवर ३०० च्या खाली कट लावा. कट लावायचा असेल तर तो इथे.

शेवटी लिमिटर. यूट्यूब आणि स्पॉटिफाय दोन्ही मोठ्या गाण्याला साधारण उणे १४ लफ्सच्या आसपास खाली आणतात. तुम्ही उणे ७ पर्यंत दाबून पाठवलं, त्यांनी ७ डेसिबल कमी केलं. हाती काय राहिलं? सपाट झालेली ढोलकी. थाप म्हणजे तिचा पहिला क्षण, आणि लिमिटर नेमका तोच खातो. मिक्स करताना लिमिटर बंद ठेवा. शेवटी इतकाच लावा की सर्वांत मोठ्या थापेला दोन-तीन डेसिबलनी सुई हलेल, आणि शिखर उणे १ वर थांबवा. ते उणे १० येवो की उणे १२, आकड्यासाठी गाणं चेपू नका. नाचाचं गाणं आहे, तर मी उणे १० पर्यंत जाईन, त्यापुढे नाही. डीजेवाल्याकडे मोठं-लहान करायला बटण असतंच. त्याला गाण्याची वॅव्ह फाइल द्या, व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबली जाते. मित्राच्या हळदीला कोणती फाइल वाजली होती, विचारून बघा. कुणीतरी कुणालातरी फॉरवर्ड केलेली असण्याची दाट शक्यता आहे.

तुलना करायला दुसऱ्याचं एखादं तुम्हाला आवडणारं गाणं प्रोजेक्टमध्येच आणून ठेवा, पण त्याचा आवाज तुमच्या मिक्सइतकाच खाली घेऊन. मोठं वाजणारं नेहमी चांगलंच वाटतं, तो कानाचा दोष आहे, गाण्याचा गुण नाही.

सबवूफर घेऊ नका. त्या खोलीत तो ५६ हर्ट्झला आणखी खतपाणी घालेल आणि तुम्ही बेस आणखी कमी कराल. तेवढ्या पैशात गाद्या शिवून होतील, चांगल्यापैकी बंदिस्त हेडफोन येतील आणि वर उरतील त्यातून ढोलकीवाल्याला पुन्हा एक दिवस बोलवा, कारण ६० ट्रॅकांच्या खाली त्याची वादी सैल झालीय की नाही हे तुम्हालाही अजून ऐकू आलेलं नसणार.